लॅमिनेशन केलेली चिठ्ठी

“या गोळ्या तुम्हाला कोणी लिहून दिल्या?”

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदा विचारले तेव्हा शालूबाईने मान खाली घातली, आणि तिच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या आक्काताईने काखेतली पर्स आणखी दाबून धरली. चिठ्ठी त्या पर्समध्येच होती. मिरजेच्या दवाखान्यातली ती खोली इतकी लहान होती की हात लांब केला असता तर चिठ्ठी सरळ टेबलावर पोचली असती. आक्काताईने हात लांब केला नाही.

“कुणी न्हाई,” शालूबाई म्हणाली. “मेडिकलातनं आनल्या. माझ्याच मनानं.”

“किती दिवस घेताय?”

“नऊ वर्सं झाली.”

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शालूबाईच्या सुनेच्या वयाच्या. त्या ओरडल्या असत्या तर आक्काताईला बरे वाटले असते. ओरडणाऱ्या माणसांशी तिचे आयुष्यभर जमत आले होते. पण बाईंनी पेन खाली ठेवले आणि शांतपणे समजावून सांगितले. पाळी गेली की बाईच्या अंगात एक द्रव्य बनायचे जवळजवळ थांबते. ही गोळी ते भरून काढते. अंगातल्या वाफा थांबतात, झोप लागते, हाडांनाही बरे असते. जिची गर्भपिशवी काढलेली आहे तिला ही एकटी गोळी देतात, तीही वरचेवर तपासणी करून. पण जिची पिशवी जागेवर आहे तिला सोबत दुसरी गोळी द्यावीच लागते. नाहीतर पिशवीचे आतले अस्तर वाढत राहते, वर्षानुवर्षे वाढत राहते, आणि एक दिवस भलत्याच वाटेला लागते.

“याच एका कारणानं झालं असं मी छातीठोक सांगणार नाही,” बाई म्हणाल्या. “आधी तुकडा तपासू. पण मावशी, तुमची पिशवी जागेवर आहे. कुठल्याही डॉक्टरनं तुम्हाला ही एकटी गोळी दिली नसती. आणि पाळी गेल्यावर एक थेंब रक्त दिसलं तरी लगेच दाखवायचं असतं. तुम्हाला कधीपासून जातंय?”

“दीड वर्स झालं आसंल.”

तेवढ्यात शालूबाईची सून अंकिता केसपेपर घेऊन आत आली. शालूबाईने लगेच तिला पाण्याची बाटली मागितली आणि गोळ्यांचा विषय तिथेच संपला. परत येताना रिक्षात तिघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. शालूबाई रस्त्याकडे बघत होती. तिला सगळे कळून तिने आक्काताईला झाकले, की काही न कळता सवयीने खोटे बोलली, हे आक्काताईला समजेना. विचारायचे तर आधी स्वतःचे सांगावे लागणार होते. उद्या सांगू, असे तिने कुपवाडच्या नाक्यावर उतरताना ठरवले. तो उद्या यायला पाच महिने लागले.

आक्काताई कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका बेदाण्याच्या शेडमध्ये मुकादमीण होती. पत्र्याचे लांबलचक शेड, मधोमध सरकता पट्टा, दोन्ही बाजूंना चाळीस बायका. पट्ट्यावरून बेदाणा यायचा आणि बायकांनी त्यातली काडी, काळा मणी, खडा वेचून काढायचा. डोक्याला जाळीची टोपी, तोंडाला फडके, अंगात ॲप्रन. दारे बंद, कारण माशा येतात. पंखे बंद, कारण कचरा उडून परत मालात पडतो. एकसष्टाव्या वर्षीही आक्काताई त्या पट्ट्याशेजारून ताठ चालायची, आणि तिची पावले आली की गप्पा आपोआप बारीक व्हायच्या.

पण मुकादमीणकीपेक्षा तिचा मान मोठा होता तो डॉक्टरकीचा. कुणाचे पोट, कुणाचे गुडघे, कुणाच्या लेकीचे दिवस, सगळे आधी आक्काताईपुढे यायचे. ती कधी “माहीत नाही” म्हणाली आहे, असे कुणी ऐकले नव्हते. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे म्हणतात ते हेच. त्यात ही हळदीच्या सांगलीत जन्मलेली. मात्र तिच्या मनात पाप नव्हते. आपल्याला जे सोसावे लागले ते दुसरीला लागू नये, एवढीच तिची डॉक्टरकी होती.

एकोणचाळिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली होती. अंगावरून इतके जायचे की ती दोनदा पट्ट्यावरच कोसळली होती. ऑपरेशननंतर अंगातून वाफा निघू लागल्या, तेव्हा सांगलीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. रोज एक गोळी. पंधरा दिवसांत आक्काताई माणसात आली. पुन्हा दाखवायला या, असे डॉक्टर म्हणाले होते. पण बरे वाटत असताना दवाखान्यात जाणारी बाई तिने तरी पाहिली नव्हती. पुढे डॉक्टर वारले, दवाखाना पाडला आणि तिथे मोबाइलचे दुकान झाले. राहिली ती चिठ्ठी.

चिठ्ठी घड्यांवर फाटायला लागली तशी आक्काताईने ती एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करून घेतली, रेशनकार्डासोबत. एकदा लॅमिनेशन चढले की आपल्याकडे कागद कायमचा खरा होतो. नानासो मेडिकलवाला ती चिठ्ठी लांबूनच ओळखायचा. त्यावरचे नाव, वय, तारीख त्याने कधी पाहिली नाही. गोळीचे नाव वाचायचे आणि पाकीट काढून द्यायचे, असे बावीस वर्षे चालले होते.

शालूबाई शेडमध्ये आली तेव्हा सेहेचाळीसची होती. मिस्टर लष्करातून निवृत्त होऊन वर्षभरातच गेलेले, मुलगा ऋषिराज भरतीच्या मागे. घर मराठ्याचे. पहिली तीन वर्षे ती आपला डबा घेऊन बाजूला बसायची. आक्काताईने भाकरी पुढे केली की म्हणायची, “आज उपास हाय.” एका बाईच्या वाट्याला आठवड्यात इतके उपास येतात हे आक्काताईला तेव्हाच कळले. ती हसून भाकरी मागे घ्यायची. असल्या उपासांची तिला लहानपणापासून सवय होती.

मग एकोणपन्नासाव्या वर्षी शालूबाईची पाळी गेली आणि उकाडा सुरू झाला. बसल्या जागी चेहरा लालबुंद व्हायचा, घामाच्या धारा लागायच्या. दोन महिने झोप नाही. एकदा मालक समोर उभे असताना तिच्या हनुवटीवरचा घाम टपकन बेदाण्यावर पडला. मालकांनी ती पाटी उचलून बाहेर फेकायला लावली आणि पुन्हा असे दिसले तर बाईही बाहेर, असे सांगितले. त्या दुपारी खोक्यांच्या थप्पीआड शालूबाई रडत बसली होती. दवाखान्यात जायचे तर खाडा पडणार, आणि जाऊन सांगायचे काय? उकडते?

आक्काताईने पर्समधून पाकीट काढले, एक गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि आपल्याच बाटलीतले पाणी दिले. शालूबाईने पाण्याकडे पाहिले, आक्काताईकडे पाहिले आणि गोळी गिळली. तिने आक्काताईच्या हातचे पहिले काही घेतले असेल तर ती गोळी. महिन्याभरात ती रात्रभर झोपू लागली आणि तिचे सगळे उपास सुटले. पुढे दोघी एका डब्यात जेवायच्या, एकाच स्कूटीवरून यायच्या आणि एकाच चिठ्ठीवर दोन पाकिटे आणायच्या. नानासोने कधी विचारले नाही की एका बाईला दुप्पट गोळ्या कशाला.

दीड वर्षापूर्वी शालूबाई एक दिवस लाजत लाजत जवळ आली. सत्तावन्न वय, आणि पाळी परत आली होती. तिने घरी देव्हाऱ्याला शिवणेही बंद केले होते. चार दिवस सुनेला दिवा लावायला सांगितला. पुन्हा दीड महिन्याने तसेच झाले, पुन्हा चार दिवस ती बाजूला बसली. दुखणे म्हणून नव्हे, विटाळ म्हणून तिने ते रक्त पाळले, आणि पाळले म्हणून ते तिच्या हिशेबी रीतसर झाले. आक्काताईच्या घरात हे प्रकार नव्हते, तिने त्यावरून तिला चिडवले. आणि मग सगळ्या पट्ट्याला ऐकू जाईल असे ती म्हणाली, “गोळी अंगाला लागलीया हिच्या. परत तरनी झाली आमची शालू.”

चाळीस बायका हसल्या. शालूबाईही तोंडाला पदर लावून हसली. ते हसणे आक्काताईच्या कानातून पुढे कधी गेले नाही.

तुकड्याचा रिपोर्ट वाईट आला. ऑपरेशन झाले, पिशवी आणि आजूबाजूचे सगळे काढले, पण रोग पोटात पसरला होता. डॉक्टरीणबाईंनी अंकिताला बाहेर बोलावून सांगितले आणि अंकिताने जिन्यात उभी राहून ते आक्काताईला सांगितले, कारण सांगायला दुसरे कुणी नव्हते. ती गोळी आता यांना पुन्हा कधीच द्यायची नाही, आगीत तेल पडल्यासारखे होईल, हेही बाईंनी बजावले होते. ऋषिराज वीस दिवसांची रजा टाकून आला, आईच्या उशाशी बसला आणि परत सीमेवर गेला. औषधाच्या सलाइनी दोन झाल्या. तिसरी शालूबाईच्या अंगाने घेतली नाही.

आक्काताईने स्वतःची गोळी त्या पहिल्याच दिवशी बंद केली होती. एकसष्टाव्या वर्षी तिच्या अंगातून पुन्हा वाफा निघू लागल्या. बावीस वर्षे विनातपासणी गोळी घेतलेल्या बाईने स्वतःलाही दाखवायला हवे, एवढे तिला समजत होते. पण कुठल्या डॉक्टरपुढे बसायचे आणि कुणी दिली म्हणून सांगायचे? ती रात्रभर घामात जागी राहायची आणि हे आपल्याला मिळायलाच हवे होते, असे म्हणायची.

शेडमध्ये वजनकाट्यावर क्रांती नावाची बाई होती, सत्तेचाळीस वर्षांची, बी.ए. झालेली. एका दुपारी आक्काताईने तिच्यापुढे चिठ्ठी ठेवली आणि म्हणाली, वरपासून खालपर्यंत सगळे वाच.

क्रांतीने चष्मा पुसला. गोळीच्या नावाखाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. त्या तिने दोनदा मनातल्या मनात वाचल्या. मग मराठीत म्हणाली, “गर्भाशय काढलेले आहे. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवणे.”

“ह्ये बावीस वर्सं हितं लिवलं हुतं?”

“व्हय.”

“तू मागं वाचली हुतीस की चिठ्ठी. तवा का न्हाई बोललीस?”

“तुमी गोळीचं नाव वाच म्हनला हुता, आक्का. मी तेवढंच वाचलं.”

यात क्रांतीचे काय चुकले? आक्काताईने त्या दिवशी पट्टा थांबवला. मुकादमीणकीच्या एकोणीस वर्षांत तिने पट्टा फक्त एकदा थांबवला होता, कुणाचा तरी पदर अडकला होता तेव्हा. चाळीस बायकांसमोर उभे राहून तिने विचारले की माझ्या चिठ्ठीवरून कोण कोण गोळी घेते. मग एकेक हात वर आला. अकरा. त्यांच्यापैकी पिशवी काढलेल्या किती, असे विचारले तेव्हा तीन हात राहिले.

तिने सगळे सांगितले. शालूचे काय झाले आणि कशाने झाले, दोन्ही. आवाज नेहमीचाच ठेवायचा तिने प्रयत्न केला. बायकांनी ऐकून घेतले. कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी रडले नाही. तानुबाई म्हणाली, भोग असतो ज्याचा त्याचा. दुसरी म्हणाली, मला तर काहीच झाले नाही. तेवढ्यात आतून मालकांची हाक आली आणि पट्टा सुरू झाला.

सुट्टी झाल्यावर क्रांती मागे रेंगाळली. तिची पिशवी जागेवर होती, आणि ती चार महिने गोळी घेत होती.

“आक्का, मी सोडनार न्हाई,” ती खाली बघत म्हणाली. “चार महिन्यांमागं मी पोरीच्या अंगावर ताट फेकलं हुतं, निस्त्या झोपंवाचून. आता कुठं मी मानसासारखी वागतीया.”

“सोडू नगं. दाखव. त्ये सोबत दुसरी गोळी देत्यात.”

“जाते एकदा.”

‘जाते एकदा’ म्हणजे काय हे आक्काताईला नीट माहीत होते, कारण ती स्वतः बावीस वर्षे तेच म्हणत आली होती. तिने चिठ्ठीचे काय करायचे म्हणून विचारले, तेव्हा क्रांतीने खालच्या आवाजात सांगितले की चिठ्ठीची आता तशी गरजच नसते. फोटो आहे सगळ्यांच्या मोबाइलवर. तिने स्वतः तो जतच्या बहिणीला पाठवला होता, बहिणीने साताऱ्याच्या नणंदेला. पुढचे तिला माहीत नव्हते.

जाता जाता आक्काताई नानासोच्या मेडिकलवर थांबली. या गोळ्या कुणालाही देऊ नका, बाईला डॉक्टरकडे पाठवा, असे तिने तीन-तीनदा सांगितले. नानासो भला माणूस. त्याने हातातले काम बाजूला ठेवून ऐकून घेतले.

“आवं आक्का, काळजी करू नगा,” तो म्हणाला. “चिठ्ठी बघितल्याबिगर मी कुनाला देतच न्हाई.”

घरी येऊन तिने चिठ्ठी फाडायला घेतली. लॅमिनेशन चांगले झाले होते. ते हाताने फाटेना. विळी घेऊन बसावे आणि तुकडे करावेत असे तिच्या मनात आले, पण त्याने काय होणार होते? तिने चिठ्ठी परत पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अंकिता पोराला घेऊन बाजारात गेली होती आणि घरात शालूबाई एकटीच खाटेवर पडून होती. हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र पाण्याने फुगलेले. लाइट गेलेली होती. उशाशी बेदाण्याचे एक खोके होते; रक्त वाढावे म्हणून शेडमधल्या बायकांनी पाठवलेले. चांगला हिरवा माल, निवडून निवडून काढलेला. त्यातले मूठभरही संपले नव्हते.

आक्काताई खाटेच्या कडेला बसली. पाच महिने तिने हे वाक्य मनात इतक्या वेळा म्हटले होते की ते आता तिचे स्वतःचे वाटत नव्हते.

“शालू, ती चिठ्ठी माझी हुती.”

“तुझीच हुती की.”

“तसं न्हाई गं. ती पिशवी काढलेल्या बाईची हुती. तुला चालत नव्हती. मी दिली तुला. ह्ये सगळं माझ्यामुळं झालंया.”

शालूबाईने मान तिच्याकडे वळवली. तेवढ्यानेही तिला दम लागला.

“मला त्याच दिवशी कळलं,” ती म्हणाली. “बाई सांगत हुत्या तवाच. तुझी पिशवी काढलीया ह्ये मला काय ठावं नव्हतं?”

“मग बोलली का न्हाईस?”

“काय बोलू? बोलून परत व्हनार हुतं व्हय?” ती जरा थांबली. “आन ऋषीला सांगू नगंस. डोक्यानं तापट हाय त्यो. अंकितालाबी नगं. मी माझ्या मनानं घेतल्या म्हनून सांगितलंया, तेवढंच ऱ्हाऊ दे.”

आक्काताईला वाटले होते की बोलल्यावर छाती हलकी होईल. तसे काही झाले नाही. शालूबाईने तिला पाच महिने आधीच माफ करून टाकले होते आणि त्या माफीचे काय करायचे ते तिला कळत नव्हते. शिव्या मिळाल्या असत्या तर त्या तरी घरी नेता आल्या असत्या. ती नुसती खाटेची दोरी चाचपत बसली.

मग शालूबाईच्या गळ्यापाशी लाली चढू लागली. आक्काताईने ती खूण लांबूनही ओळखली असती. गळा, मग हनुवटी, मग कपाळ. बघता बघता सगळा चेहरा पेटल्यासारखा झाला आणि केसांच्या मुळांतून घाम निथळू लागला. ऑपरेशन झाल्यापासून दिवसातून दहा-बारा वेळा असे होत होते, आणि रात्री तर मोजदादच नव्हती. रोगापेक्षा हेच जास्त छळते, असे ती अंकिताला म्हणाली होती. तिने अंगावरचे पांघरूण पायाने ढकलायचा प्रयत्न केला, पण पायात तेवढे बळ नव्हते. आक्काताईने ते काढून बाजूला ठेवले.

शालूबाईने तिचे मनगट धरले. नऊ वर्षांपूर्वी खोक्यांच्या थप्पीआड जशी बघत होती तशीच ती आक्काताईकडे बघत होती.

“आक्का,” ती म्हणाली, “आता माझीबी पिशवी काढलीया की. आता मला चालंल का गं ती?”

आजवर कुणीही काहीही विचारले तरी तिच्याकडे उत्तर असायचे. शालूबाई वाट बघत राहिली. काखेतल्या पर्समध्ये चिठ्ठी होती, आणि नानासोचे दुकान रविवारी दुपारपर्यंत उघडे असायचे.

तिने मनगट हळूच सोडवून घेतले, बेदाण्याच्या खोक्याचे पुठ्ठ्याचे झाकण फाडून काढले आणि वारा घालायला लागली. थोड्या वेळाने शालूबाईने डोळे मिटले. लाली उतरली, पुन्हा चढली. लाइट आली नाही. आक्काताईच्या स्वतःच्या मानेवरून घाम ओघळून पाठीत उतरत होता, पण तो पुसायचा तर हात थांबवावा लागला असता, म्हणून तिने तो तसाच ओघळू दिला.